बारा मोठे की दोन?

आमची नात यंदा पहिलीत गेली. परवा शाळेतून आल्या आल्या तिने वही माझ्यापुढे धरली. पानावर संख्यांच्या दहा जोड्या, प्रत्येक जोडीच्या मधे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक मगर. नुसते चिन्ह नव्हे, साक्षात मगर. तिला डोळे होते, दात होते. एकीला तर पापण्याही होत्या. लहान-मोठेपणाची चिन्हे हल्ली अनेक शाळांतून अशीच शिकवतात. मगर भुकेली असते, म्हणून ती नेहमी मोठ्या संख्येकडे तोंड करते. दहापैकी दहा बरोबर होते. खाली बाईंची लाल खूण आणि शेजारी एक चांदणी.

अशा वेळी आजोबांनी शाबासकी देऊन गप्प बसायचे असते. पण छत्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल पेन्सिल फिरवलेल्या माणसाला ते जमत नाही. मी पानाच्या तळाशी ९ आणि १२ असे दोन आकडे लिहिले आणि म्हटले, ‘इथली मगर काढ बघू.’ तिने क्षणाचाही विचार न करता ९कडे जबडा वासलेली मगर काढली. का, म्हणून विचारले तर उत्तर तयार. ‘अरे आजोबा, इकडे एक आहे आणि दोन आहे. नऊ बघ केवढा मोठा!’

मी वहीतल्या दहाही जोड्या पुन्हा पाहिल्या. कुठे दोन्ही संख्या एक अंकी होत्या, नाहीतर दोन्ही दोन अंकी. तिच्या युक्तीला धक्का लागेल अशी एकही जोडी त्यांत नव्हती. बाईंनाही दोष कसा द्यावा? पन्नास मुलांच्या वह्या तपासायच्या, तर चांदणी देऊन पुढे सरकणे भागच असते.

संध्याकाळी मी दोन बशा घेतल्या. एकीत नऊ भाजलेले शेंगदाणे ठेवले, दुसरीत बारा. म्हटले, ‘हवी ती घे.’ बाईसाहेबांनी बारांची बशी पुढे ओढली, तीही क्षणाचा विचार न करता. म्हणजे दुपारी जे पेन्सिलीला कळले नव्हते ते हाताला पक्के ठाऊक होते. ही दोन्ही ज्ञाने एकाच मुलीच्या ठिकाणी, एकमेकांशी ओळखपाळख नसल्यासारखी सुखाने नांदत होती.

यात हसण्यासारखे काही नाही, हे मला फार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने शिकवले आहे. १९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या शाखेत होतो. साठीच्या घरातले एक गृहस्थ बैलजोडीसाठी कर्जाची चौकशी करायला आले. पाच हजार हवे होते. व्याजाचा दर विचारला तेव्हा मी सांगितले, ‘बारा टक्के.’ ते उठलेच. म्हणाले, ‘साहेब, तुमचं बारा. आमच्या गावातला सावकार दोननं देतो. सरकारची बँक म्हणता आणि सहापट लावता?’

सावकाराचे दोन म्हणजे महिन्याला शेकडा दोन. माझे बारा वर्षाचे. मी हे तोंडाने सांगून पाहिले, कागदावर गुणाकार करून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर, शिकलेला माणूस आपल्याला गुंडाळतोय, हा भाव स्पष्ट होता. शेवटी मी टेबलावरची टाचण्यांची डबी उपडी केली. बारा टाचण्या एका बाजूला ठेवल्या, ‘ही बँक.’ मग दुसऱ्या बाजूला, ‘चैत्राच्या दोन, वैशाखाच्या दोन, ज्येष्ठाच्या दोन...’ अशा फाल्गुनापर्यंत टाकत गेलो. झाल्यावर त्यांनी त्या मोजल्या नाहीत. एक इकडची, एक तिकडची अशा जोड्या लावत ते शांतपणे बाजूला सारत गेले. बँकेचा ढीग संपला तेव्हा सावकाराच्या बाजूला अजून तेवढ्याच टाचण्या शिल्लक होत्या. पाच हजारांवर वर्षाला सहाशे रुपये की बाराशे, हा हिशेब मग सांगावाच लागला नाही.

कर्ज त्यांनी त्या वर्षी घेतले नाहीच. ‘तो कागद मागत नाही, रात्री-बेरात्री देतो,’ असे म्हणाले, आणि त्यातही तथ्य होते. पण निदान काय निवडतो आहोत ते माहीत असून त्यांनी निवडले. बारा हा दोनापेक्षा मोठा आहे, हे त्यांना बरोबरच कळत होते. मगरही त्यांनी अचूक काढली असती. कशाचे बारा आणि कशाचे दोन, हा प्रश्न मात्र कोरड्या आकड्यांत दिसत नाही. आज मासिक हप्ता तेवढा पाहून मोबाइल घेणारी, पदवी घेतलेली मुले पाहतो तेव्हा मला त्या टाचण्या आठवतात.

त्या गृहस्थांनी जे केले, ते मोजणीच्याही आधीचे गणित आहे. आपल्याकडे लहान मूल बोलू लागले की त्याला आधी ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावतात आणि पाहुण्यांपुढे शंभरपर्यंत म्हणवून घेतात. पण ते म्हणणे म्हणजे पुष्कळदा नुसते गाणे असते. तुलना त्याहून जुनी. पंगतीत पाने मांडणारा मनुष्य माणसे मोजत नाही. प्रत्येक पाटापुढे एक पान ठेवत जातो. पाने उरली तर पाने जास्त, पाट उरला तर पान कमी. भावाच्या वाटीत खीर जास्त पडली, हे तीन वर्षांच्या मुलाला अंक न येताच समजते, आणि ते तो किती मोठ्याने सांगतो हे प्रत्येक आईला माहीत आहे. एका नजरेत तीन-चार वस्तू न मोजता ओळखण्याची शक्ती तर माणसाला निसर्गानेच दिलेली आहे.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा एक प्रयोग पुढे जगभरच्या अध्यापक विद्यालयांतून शिकवला गेला. सारख्याच सोंगट्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या. मूल म्हणते, दोन्ही सारख्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ विरळ करून लांबवायची आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले आता सांगतात, लांब ओळीत जास्त. यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला की सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला संख्या कळतच नाही.

पण १९६७ साली मेलर आणि बेव्हर यांनी सोंगट्यांऐवजी खाऊच्या गोळ्या ठेवल्या आणि ‘हवी ती ओळ खा’ म्हटले. अगदी लहान मुलांतल्याही बऱ्याच जणांनी लांब ओळ सोडून आखूड पण जास्त गोळ्यांची ओळ उचलली. पुढे १९७४ साली मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी आणखी गंमत केली. सोंगट्यांची ओळ मोठ्या माणसाने न विस्कटता एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्याकडून विस्कटवली. लगेच बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या वाढली. कारण मोठे माणूस काहीतरी मुद्दाम बदलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले असणार. मला हे ऐकून आश्चर्य वाटले नाही. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने एकच प्रश्न दोनदा विचारला की मीही उत्तर बदलत असे.

म्हणून तुलना शिकवायची असेल तर परीक्षकाची खुर्ची सोडून जमिनीवर बसावे लागते. डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमके हेच केले. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे काम १९५७ साली कोसबाडला गेले. तिथल्या आदिवासी वस्त्यांतून मुलांच्या अंगणात बालवाडी भरली. खडे, बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने. विकत आणायला पैसे नव्हते हे एक कारण खरे, पण मुलाच्या हाताला आधीच ओळखीची असलेली वस्तू त्याला परकी वाटत नाही, हे त्यांना कळले होते.

आमच्या घरी चिंचोक्यांची बरणी आहे. खेळ अगदी सोपा. दोघांनी एकेक मूठ भरायची आणि कुणाच्या मुठीत जास्त हे आधी नुसत्या अंदाजाने सांगायचे. मग मुठी उघडायच्या आणि मोजायचे नाही. माझा एक चिंचोका, त्यासमोर तिचा एक, अशी रांग लावायची. ज्याची रांग पुढे गेली तो जिंकला. पुढे गेलेल्या तुकड्याला आमच्याकडे ‘शेपूट’ म्हणतात. ‘शेपूट केवढे?’ असे विचारले की मूल तेवढेच चिंचोके मोजते. ही वजाबाकीच झाली. नाव नंतर कधीतरी सांगता येते. महिन्याभराने ‘एकी की बेकी’ घ्यावी. आमच्या पिढीने दुपारच्या दुपारी ज्यावर घालवल्या तो हा खेळ आताच्या मुलांना कुणी शिकवतच नाही. मुठीतल्या चिंचोक्यांच्या जोड्या लावल्यावर एक एकटा उरला की एकी. समविषमाचा पुढचा सगळा धडा त्यात आला.

दोन करवंट्या, सुतळी आणि एक काठी घेऊन तागडी करावी. एका पारड्यात दहा चिंचोके, दुसऱ्यात तीन गोट्या. तागडी गोट्यांकडे झुकते. ‘मग जास्त काय?’ या प्रश्नावर नात पहिल्यांदा गप्प झाली, मग चिडली, मग म्हणाली, ‘मोजायला चिंचोके जास्त, उचलायला गोट्या जास्त.’ मला माझे मराठवाड्यातले गृहस्थ आठवले. कशाचे बारा आणि कशाचे दोन, हे या मुलीने सहाव्या वर्षी करवंटीत पाहिले.

सगळ्यात जास्त रमतो तो पत्त्यांत. राजा, राणी, गुलाम बाजूला काढायचे. उरलेली चाळीस पाने दोघांत वीस-वीस वाटायची. दोघांनी एकदम एकेक पान उलटायचे. मोठे पान असेल त्याने दोन्ही उचलायची. सारखी पडली तर वर आणखी एकेक टाकायचे, त्यात जो जिंकेल त्याचा सगळा ढीग. आमच्या लहानपणीच्या भिकार-सावकाराचा हा धाकटा भाऊ. एक्का इथे एकच धरायचा, यावर आमच्या घरात थोडा वाद झाला. एक्क्याला दुर्रीने मारावे हे नातीच्या आजीला सहन होईना. रमीत तिने एक्क्याचा एवढा मान ठेवलेला!

पत्त्यात आकडा कोपऱ्यात असतो आणि त्याच पानावर तेवढे बदामही असतात. शंका आली तर मूल बदाम मोजू शकते, कुणाला विचारावे लागत नाही. खेळता खेळता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुर्री आणि नव्वी पडली की नातीचा हात झेपावतो. अठ्ठी आणि नव्वी पडली की थबकतो. तुम्हा-आम्हा मोठ्यांचेही तसेच होते. मॉयर आणि लँडॉवर या दोघांनी १९६७ सालीच हे वेळ मोजून दाखवले: दोन अंक जितके एकमेकांजवळ, तितका मोठा कोणता हे ठरवायला वेळ जास्त. म्हणजे आकडे आपल्या डोक्यात सुटेसुटे पडलेले नसतात. एका रस्त्यावर जवळ-दूर उभे असतात. हा रस्ता मुलाच्या मनात तयार होणे, हेच खरे शिक्षण.

रस्ता तयार करण्याचा स्वस्त मार्ग अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी तपासला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहाची सरळ पट्टी देऊन सोंगटी पुढे सरकवण्याचा खेळ दिला होता. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, बस्स. तेवढ्यानेही कोणती संख्या मोठी हे ओळखण्यात ती मुले पुढे गेली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेली पट्टी खेळलेल्या मुलांना तो फायदा झाला नाही. आपली सापशिडी चांगलीच, पण ती एका ओळीत उजवीकडे जाते, दुसरीत डावीकडे. वर साप गिळतो. लहानग्यासाठी आधी गच्चीवर खडूने दहा घरे सरळ आखावीत आणि मुलालाच सोंगटी करावे. एक अट मात्र पाळावी. तीनच्या घरात उभा असताना दोन पडले तर ‘एक, दोन’ नव्हे, ‘चार, पाच’ म्हणत उडी मारायची.

दहाच्या पुढे मराठी मुलाची एक जास्तीची अडचण सुरू होते. आपण ‘पस्तीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी पाच येतो, मग तीस. लिहिताना मात्र तीन आधी. म्हणून मूल ५३ लिहून मोकळे होते. यावर हसणाऱ्यांनी जुन्या बँकेतली सहामाही अखेर पाहायला हवी होती. संगणक नव्हते, लेजरची बेरीज जुळेना की रात्री अकरापर्यंत सगळे बसलेले. आमचे हेड कॅशियर फरकाला आधी नऊने भागून बघायचे. निःशेष भाग गेला की म्हणायचे, ‘कुणीतरी आकडा उलटा लिहिलाय.’ ३५ आणि ५३मधला फरक १८, १९ आणि ९१मधला ७२. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नऊच्या पटीतच येतो. आणि सापडायचेही तसेच. पदवीधर, पगारदार माणसांनी पस्तीसचे त्रेपन्न केलेले असायचे.

२०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या, आणि आपण भाषा बुडाली म्हणून विनोद करत होतो. मीही त्या वेळी एक विनोद केला होता. आज तो आठवला की बरे वाटत नाही. माझे मत अजूनही असे की जुने शब्द राहावेत. पण मुलाला तीन दशकांच्या जुड्या आणि पाच सुट्या काड्या हातात देऊन ‘तीस आणि पाच, म्हणजे पस्तीस’ असे दहादा म्हणू द्यावे. जुड्यांत मोठेपणा असतो, सुट्यांत नव्हे, हे तिथे दिसते. नवाने बाराला का हरवू नये, तेही तिथेच.

आणि आपल्या शब्दांत एक खजिनाही आहे. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. तीसच्या एक पाऊल अलीकडे उभे राहून केलेली तुलनाच ती. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा क्रम चालतो, नव्व्याण्णवला मात्र मोडतो. (का मोडतो, ते भाषापंडित जाणोत.) पावणेदोन, साडेतीन, सव्वापाच हेही तसेच, जवळच्या पूर्णाकडे बघून सांगितलेले.

राहता राहिली मगर. तिच्याशी माझे वैर नाही. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापले. दोन समांतर रेघांइतके सारखे दुसरे काही नाही, असे त्याचे म्हणणे होते. लहान-मोठ्याची चिन्हे टॉमस हॅरियटच्या पुस्तकात १६३१ साली आली, तो वारल्यावर दहा वर्षांनी. माणसे तुलना करत होती त्याला तोवर हजारो वर्षे झाली होती. आपण मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हातात आधी चिन्ह देतो. घरोघरी फ्रिजवर वर्कशीट चिकटवलेली दिसतात, टॅबवर मगर ‘कट्टम’ आवाज करून आकडे गिळते, आणि शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत येते म्हणून आपल्याला झोप लागत नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून खेळावर भर दिला, २०२१मध्ये ‘निपुण भारत’ आले. कागदावर सगळे उत्तम आहे. पण मूल घरी येते तेव्हा त्याच्याबरोबर जमिनीवर बसायला अर्धा तास कुणाला आहे, हे कोणतेही धोरण ठरवू शकत नाही. निवृत्त माणसाला असतो, एवढे मी अनुभवाने सांगतो.

काल रात्री आमचा पत्त्यांचा डाव जेवणामुळे अर्ध्यावर थांबला. ‘कोण जिंकलं?’ आजीने ताट वाढता वाढता विचारले. मी पाने मोजायला घेतली तर नातीने हात धरला. तिने दोन्ही गड्ड्या शेजारी शेजारी उभ्या ठेवल्या, वर तळहात आडवा ठेवला आणि फरशीला गाल टेकून खालून पाहिले. गड्ड्या अगदी सारख्या दिसत होत्या. मग तिने माझ्या गड्डीतले एक पान, तिच्यातले एक पान अशा जोड्या लावायला सुरुवात केली. शेवटी तिच्या हातात एक पान उरले.

‘सारख्या नाहीत. माझं एक जास्त आहे,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘पण मग एक पान कमी आहे. सारखी वाटली होती ना आपण? एक उरलं तर दुसरं कुठे गेलं?’

मी मांडी उचलली आणि खालची इस्पिक दश्शी तिच्या हवाली केली.